बाहेर गेलेल्याची राखण

माझी मुलगी माझ्याच मांडीवर बसून मला हाका मारायची.

दुपारी तिला झोपवून मी भांडी आवरायला घेतली की थोड्या वेळानं आतून टाहो यायचा. धावत जाऊन बघावं तर ती गादीवर उठून बसलेली, डोळे टक्क उघडे, केस घामानं कपाळाला चिकटलेले. "मम्मी! मम्मी कुठंय?" मी तिला उचलून घ्यायचे. अगं रोशनी, ही काय मी, इथंच आहे. ती माझ्या तोंडाकडे बघायची आणि आणखी जोरात रडायची, जणू कुणी परकी बाई तिच्या आईचा आवाज काढून बोलतेय. हातपाय झाडायची. मग एकाएकी सैल पडून पुन्हा झोपी जायची. उठल्यावर तिला यातलं काही ठाऊक नसायचं. ती बिस्किट मागायची. मी बिस्किट द्यायचे आणि ती खात असताना तिच्याकडे बघत राहायचे. ही तीच आहे ना?

तीन वर्षांची पोर. भिवंडीतल्या चांगल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. ते म्हणाले, झोपेतली भीती आहे, या वयात होतं, आपोआप जातं. मुलीला काही होत नाही, त्रास होतो तो आईबापांना. "तुम्ही इंटरनेटवर जास्त वाचता का?" असं विचारून हसले. वाचत होतेच. मी बी.एस्सी. झालेय, रोशनी व्हायच्या आधी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी केलीय, त्यामुळे डॉक्टर उगाच धीर देत नाहीयेत हे मला कळत होतं. माझा नवरा कल्पेश पडघ्याकडच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. तो ड्युटीवरून येऊन बूट काढता काढता म्हणाला, "झालं ना मग? डॉक्टर बोलले ना, काही नाही म्हणून. आता तिच्या नाकाखाली बोट धरून बसायचं बंद कर. पोरगी श्वास घेते, तूच घेत नाहीस."

पण ती जाते कुठं, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. आणि माणूस जातो हे मला माहीत होतं. मी स्वतः गेले होते.

रोशनीच्या वेळी ऑपरेशन करावं लागलं. रक्त फार गेलं. मधेच कधीतरी मी वर होते. वर म्हणजे कपाटाच्याही वर, कारण त्या कपाटाच्या माथ्यावरची धूळ आणि तिथं कुणीतरी ठेवून विसरलेला प्लास्टिकचा मग मला दिसला. खाली हिरवं कापड, त्यातून बाहेर आलेली माझी पावलं, एका टाचेला भेग. बाजूला कुणाच्या तरी हातात लाल, ओलं, रडणारं काहीतरी. ते माझं मूल आहे हे मला कळत होतं, आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. गॅस बंद केलाय का हे तीनदा बघणारी मी, मला कसली म्हणून काळजी नव्हती. आजही अंगावर काटा येतो तो या गोष्टीचा. मग तिथल्या आयाचा आवाज आला, "ए सुवर्णा! अरे बच्ची देख ना तेरी! नाटक मत कर, उठ!" आणि पायरी चुकावी तशी मी आत पडले.

कल्पेशला सांगितलं तर तो म्हणाला, इंजेक्शनचा असर. असेलही. बाला, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं तर त्याला नवल वाटलं नाही.

"परत येवासा वाटत व्हता?" त्यानं एवढंच विचारलं.

"न्हाय."

"तसाच असतो. बाहेर बरा वाटतो. म्हनून त कुनी राखनीला बसावा लागतो."

माझा बा, बुधा, दिघाशीकडच्या आमच्या पाड्याचा भगत. आम्ही वारली. भगत पुष्कळ आहेत, तांदळाचे दाणे टाकून बघणारे, उतारा सांगणारे. बा तेही करायचा. पण त्याची ओळख होती ती बाहेर जाणारा भगत म्हणून. कुणी घाबरून आजारी पडला, कुणाचं अन्न सुटलं, कुणी बसल्या जागी हरवल्यासारखा झाला, की पाड्यावरची माणसं म्हणायची, याचा जीव वाटेत कुठं राहिलाय, बुधाला पाठवा. मग बा दुपारी, सावली पायाखाली आली की, आतल्या खोलीत सारवलेल्या जमिनीवर चटई टाकून उताणा पडायचा आणि जायचा. देह मागं राहायचा. त्या देहाची राखण करायला एक माणूस लागायचा.

ती राखण लहानपणी माझ्याकडे असायची. आये शेतावर किंवा वीटभट्टीवर, माझा भाऊ शैलेश एका जागी बसायचा नाही. राखणीचे नेम सोपे होते. अंग हलवायचं नाही, ओलांडायचं नाही, नावानं हाक मारायची नाही. उशाशी पाण्याची वाटी ठेवायची. आणि तोंडाकडे बघत राहायचं, दुसरीकडे बघायचं नाही. मला टक लावून बघायची सवय लागली ती तिथं. बा बाहेर गेला की त्याचा श्वास इतका बारीक व्हायचा की छाती हलताना दिसायची नाही. तोंड दोन्ही बाजूंनी सारखं सैल व्हायचं, कुणीतरी हळूच हात फिरवून पुसल्यासारखं. त्या तोंडाची मला कधी भीती वाटली नाही. भीती होती ती वेगळ्याच गोष्टीची. आये सांगायची, शेजारच्या पाड्यावरचा एक भगत असाच बाहेर गेला होता, राखणीला बसलेल्या पोरांनी त्याच्यावर ऊन आलं म्हणून त्याला सावलीत ओढलं. भगत परत आला तो जिथं देह सोडला होता तिथं. तिथं उन्हाचा कवडसा. मग कितीतरी दिवस त्या घरातल्यांना भर दुपारी कुणीतरी भिंती चाचपडतंय असं ऐकू यायचं. सावलीतला देह तेवढ्यात संपला.

मी कॉलेजला भिवंडीत आले आणि माझी राखण सुटली. बाचं जाणंही कमी होत बंद झालं. वय झालं, ब्लडप्रेशर निघालं. गोळ्या तो देवाच्या कोनाड्यात ठेवायचा आणि देवाची आठवण झाली की घ्यायचा.

भाताची झोडणी उरकून पाडा मोकळा झाला होता तेव्हा मी रोशनीला घेऊन तिकडे गेले. बानं आधी विचारलं, "डॉक्टर काय बोलला?" मी सांगितलं. "मग त्याचा आयक ना." एवढ्यावर माझं रडू फुटलं. आये चुलीपुढून म्हणाली, "कालेजात यवढी वरसा काढली, नि आता डोला पुसाया बापाकडं आली. तिथं शिकवत न्हाईत का ता?"

बानं सुपात तांदूळ घेतले, रोशनीवरून उतरवले, दाणे टाकले, बोटानं दोन-दोन बाजूला सारत बसला. रोशनी त्याच्या मांडीवर रेलून दाणे तोंडात टाकत होती.

"जाते पोर," तो म्हणाला. "पन लांब न्हाय. आंगनात खेलाया जावा तशी जाते."

"मग आल्यावर मला वलखत का न्हाय?"

"उन्हातून घरात आल्यावर अंधारी येते ना डोल्यावर? तसा. येईल बंद होवून."

डॉक्टर म्हणाले तेच बा म्हणत होता, आणि माझं समाधान दोघांकडूनही होत नव्हतं. मी म्हणाले, "बा, तू एकदा जा. बघून ये. मग न्हाय विचारनार."

"म्हातारा झाला तो," आये म्हणाली. "त्याला मोरीपर्यंत जावाचा त काठी लागते."

बा हसला. "तिथं काठी नको लागत गं. नात हाय. चल, टाक चटई."

दुपारी तो आडवा झाला. धाकली, शैलेशची बायको, रोशनीला घेऊन बाहेर पेंढ्यावर खेळत होती, तिच्या हसण्याचा आवाज आत येत होता. मी उशाशी बसले. वाटीत पाणी भरलं. किती वर्षांनी बसले होते, तरी मांडी बरोबर तशीच पडली. बा पुटपुटला, मग पुटपुटणं थांबलं, श्वास बारीक होत गेला, आणि तोंड सैल पडलं, दोन्हीकडून सारखं. मी ओळखलं, गेला. मला फार दिवसांनी स्वस्थ वाटलं. कुणीतरी माझ्या मुलीच्या मागोमाग गेलं होतं.

मी बघत होते म्हणूनच मला दिसलं. उजवा ओठ.

आधी वाटलं कौलातून येणाऱ्या उन्हाचा कवडसा सरकलाय. मग ओठाचा तो कोपरा खाली ओघळला, आणि डावा होता तिथंच राहिला. गाल श्वासाबरोबर फुगू लागला, फुर्र, फुर्र. घशातून घरघर आली. बाहेर गेलेला बा कधी घोरला नव्हता. लॅबच्या भिंतीवर आम्ही एक चित्र लावलं होतं, एका बाजूनं पडलेला चेहरा, उचलला न जाणारा हात, आणि खाली लाल अक्षरात ताबडतोब हॉस्पिटल. ते चित्र मी रोज बघत होते.

"आये."

"गप. राखनीला बोलू नाय."

"आये, बाचा तोंड बघ."

ती आली, वाकली. तिच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी पाहिलं. पण म्हणाली ती इतकंच, "लांब गेला असंल."

"लांब गेला म्हनून तोंड एकाच बाजूनं पडतो का? आये, मी किती वेला बसलेय राखनीला. तुझ्यापेक्षा जास्त बसलेय. बाहेर गेल्यावर तोंड दोन्हीकडून सारखा पडतो. हा झटका हाय. मेंदूत रक्ताची गाठ झाली असंल. आत्ता नेला त वाचंल, उशीर झाला त..."

शैलेश टेम्पो धूत होता, तो ओल्या हातांनी आत आला. बघितलं आणि भिंतीला टेकला. "ताई, तूच त्याला पाठवला. नि आता तूच उचला म्हनतेस?"

"हो."

"उद्या पाडा काय बोलंल मला? बापाला वाटंवर सोडून अंग नेला?"

"पाड्याला मी सांगेन काय सांगायचं ते. तू टेम्पो काढ."

तो आयेकडे बघू लागला. त्या घरात अशा बाबतीत बाच्या माघारी शब्द तिचाच. आये बाच्या तोंडाकडे बघत उभी होती. घरघर वाढली होती. माझे हात बाच्या खांद्यांपाशी जाऊन थांबले होते, कारण लहानपणापासून जे करायचं नाही म्हणून शिकले तेच मला करायचं होतं.

"दोनीबी असंल तर?" आये म्हणाली. "तो बाहेर गेला असंल, नि मागं घर कोसलला असंल. तवा काय करशील?"

"तवा त घर आधी सावरावा लागंल ना, आये. नायतर तो येईल कुठं?"

"नि हितं आला म्हंजे? मोकली जागा बघंल."

आयेनं पदर खोचला, मला बाजूला केलं आणि माझ्या जागी, बाच्या उशाशी मांडी घालून बसली.

"मी बसते. तुमी न्या त्याला. चटईसकट उचला."

"आये, तू चल ना. तिकडे तू हवीस."

"तिकडं तू हायस, शिकलेली. हितं कोन? हितं आला त त्याला सांगाया कुनी नको? मी सांगंन, पोरीनं भिवंडीला नेला, तिकडं जा म्हनून." तिनं वाटी जराशी सरळ केली. "नि तू गप बसून जावू नको. वाट सांगत जा. वलन आला का सांग, पूल आला का सांग. आर्ध्या वाटंवर असंल त आयकंल."

"नाव घेऊ?"

"नेम त मोडला आता. घे."

आम्ही चटईची टोकं धरून बाला उचललं. आयेनं उचलायला हात लावला नाही. ती तिथंच बसून राहिली, पुढ्यात चटईएवढी रिकामी जमीन आणि पाण्याची वाटी. टेम्पो निघाला तेव्हा रोशनी धाकलीच्या कडेवर होती, हात हलवत होती म्हणे. मी पाहिलं नाही. ती झाल्यापासून मी पहिल्यांदाच तिला कुठं सोडून निघाले, आणि मागं वळून बघायचं विसरले.

पहिल्यांदा वाट सांगायला मला लाज वाटली. टेम्पोच्या मागच्या भागात बाचं डोकं एका कुशीला वळवून मांडीशी धरलं होतं, लाळ पुसत होते, आणि हळूच, स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले, "बा, पाड्याच्या बाहेर निघालो. आता शेताचा रस्ता." घरघर चालूच. "बा, आंब्याची झाडं संपली." मग वाटलं, तो इथं मांडीवर असता तर हळू बोलून चाललं असतं. तो मागं कुठंतरी आहे. मी मान मागं वळवली आणि रस्त्याकडे तोंड करून ओरडले, "बुधा! ओ बा! अंबाडी नाका आला! भिवंडीच्या रस्त्याला लागलो!"

चहाच्या टपरीवरची माणसं ग्लास धरून बघत राहिली. त्यातल्या कुणीतरी हात जोडले. त्यांना वाटलं, आम्ही मयत नेतोय.

तो रस्ता कसा आहे ते त्या बाजूला जाणाऱ्यांना सांगायला नको. प्रत्येक खड्ड्याला बाचं डोकं उडायचं, मी दोन्ही हातांनी धरायचे. समोरून ट्रेलर, मागून ट्रेलर. "बा, अनगाव. बाजार आहे, गर्दी आहे, वरून ये." हे मी का म्हटलं ठाऊक नाही, वरून ये. मला वरून दिसलं होतं म्हणून असेल. एका मोटरसायकलवरची दोन पोरं टेम्पोच्या मागोमाग होती. एक हसत ओरडला, "दीदी, किसको बुला रही हो? पीछे तो हम ही हैं!" दुसऱ्यानं आत बाच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढच्याच्या पाठीत गुद्दा घातला. मग ती दोघं पुढं गेली आणि हॉर्न वाजवत, हात करून आमच्यासाठी गाड्या बाजूला काढू लागली. कवाड गावापर्यंत त्यांनी तसं केलं. त्यांची नावं मला माहीत नाहीत.

"बा, कवाड! आता शेलार गाव येईल. लूमचा आवाज येईल बघ, खटखट खटखट. आयकू येतोय का? त्या आवाजाच्या मागं मागं ये." घसा बसत चालला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं ते धुळीचं की कसलं, कळत नव्हतं. नदीनाक्याला गाड्या तुंबल्या. पुलावर आम्ही अडकलो, खाली कामवारी नदी. आमच्यात म्हणतात, जीव वाहत्या पाण्यापाशी अडखळतो. मी ओरडायला गेले तर आवाजच निघाला नाही. नुसती हवा.

तेव्हा पुढं केबिनमधून शैलेश ओरडला. मघापासून एक शब्द न बोललेला शैलेश. खिडकीतून अर्धा बाहेर वाकून, पुलाखालच्या पाण्याकडे बघत, "ए बा! पूल हाय! थांबू नको, ये! नि पुढं मोठा खड्डा हाय, सांभाल!"

कल्याण नाक्याजवळच्या हॉस्पिटलात त्याला घेतलं. डॉक्टर तरुण होते, भराभर विचारत होते. कधी सुरू झालं, कुणी पाहिलं, काय करत होते? मी म्हणाले, झोपले होते, मी बघत होते. "सलग बघत होता?" हो. सलग. ते म्हणाले, हे फार बरं झालं. सुरुवात कधी झाली ते माहीत असलं की गाठ विरघळवायचं इंजेक्शन देता येतं. झोपेतच झटका आला तर बहुतेकांना ती वेळ सांगता येत नाही. मी खुर्चीत बसले.

बा वाचला, असं त्या संध्याकाळी डॉक्टर म्हणाले. पण शुद्ध नव्हती.

मी धाकलीच्या मोबाइलवर फोन लावला. तिनं तो आयेच्या कानाला धरला.

"आला का?" आयेनं विचारलं.

"जिता हाय. पन सूध न्हाय."

"मंग मी बसते."

ती खरोखर बसली. धाकली सांगायची, तिथंच भाकर खातात, तिथंच बसल्या बसल्या पेंगतात. मोरीपुरती उठतात, तेवढा वेळ मला बसवतात. पाण्याची वाटी रोज बदलतात. पाड्यावरच्या बायका आळीपाळीनं येऊन सोबत बसतात, पण आये उशाची जागा कुणाला देत नाहीत. रोशनीबद्दल विचारलं तर, "ताई, ती झोपते की. रडली न्हाय अजून." मी त्यावर विचार करायचा नाही असं ठरवलं. डॉक्टर म्हणाले होतेच की जाईल. बासुद्धा म्हणाला होता. आणि बा तर त्या वेळी कुठंतरी होता. यातलं कुठलं खरं, ते मी आजही ठरवलेलं नाही.

कल्पेश ड्युटी संपवून थेट हॉस्पिटलात यायचा, डबा घेऊन. एकदा बाहेरच्या बाकावर बसून म्हणाला, "सुवर्णा, मामींना सांग ना, आले मामा म्हणून. एवढ्या म्हाताऱ्या बाईला किती दिवस जमिनीवर बसवणार? एका शब्दाचं काम आहे."

"आणि नसतील आले तर?"

"आत बेडवर आहेत ते! मी बघून आलो आत्ता."

कल्पेश वाईट बोलत नव्हता, आयेचे गुडघे मलाही दिसत होते. पण राखणीला बसलेल्याला खोटं सांगून उठवायचं नसतं. ती माझ्या शब्दावर उठली, आणि बा तिथं आला, आणि तिथं कुणी नसलं, तर? हे मी त्याला कसं सांगणार? डॉक्टरांनी सुरुवातीची वेळ विचारली तेव्हा मी जशी अंदाजानं बोलले नाही, तसंच हेही अंदाजानं बोलायचं नव्हतं.

बानं डोळे उघडले तेव्हा नर्स मला बोलवायला धावत आली. "आजोबा जागे झाले, या." डॉक्टर त्याला बोट दाखवत होते, तो बोटाकडे बघत होता. सगळे खूश होते. मी समोर जाऊन उभी राहिले. "बा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली. भर दुपारी माझ्या मांडीवर बसून रोशनी माझ्याकडे बघायची, ती. डोळे उघडे, आणि समोर कुणी परकी बाई.

"डोलं उघडलं?" आये फोनवर. "तुला वलखलं का?"

तोंडावर आलं होतं. हो म्हणणं किती सोपं होतं.

"न्हाय," मी म्हणाले.

"मंग न्हाय आला." आणि तिनं फोन धाकलीकडे दिला.

त्याला वॉर्डात हलवल्यावर मला दिवसभर जवळ बसू देत. मी उशाशी स्टूल ओढून बसायचे आणि बघत राहायचे. शेजारच्या बेडवरच्या पेशंटची सून मला म्हणाली, "आपा, इतना मत देखो, नजर लगेगी." हात हलवायला शिकवणारी मुलगी येऊन त्याचा उजवा हात उचलायची, सोडायची, तो पडायचा. बा त्या हाताकडे दुसऱ्याची वस्तू असावी तसा बघायचा. भरवलं तर खायचा. मी त्याला सगळं सांगत राहायचे, भात घरात आला, शैलेशनं टेम्पोचा टायर बदलला, रोशनी पाड्यावर आहे. तो ऐकायचा की नाही कोण जाणे. त्याच्या शेजारी बसूनच मी धाकलीला फोन करायचे, हेही इथं सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणी मला विचारील, आणि मी स्वतःला कितीदा तरी विचारलंय.

एका दुपारी वॉर्डातली आया त्याचे केस विंचरत होती. त्यानं मान झटकून फणी चुकवली. तोंड वाकडं करून काहीतरी पुटपुटू लागला. मी वाकले.

"ठ... ठमी."

ठमाबाई माझी आये. तिला ठमी म्हणणारं जगात दुसरं कुणी नाही.

"काय बा? ठमी काय?"

त्यानं डावा हात उचलला, गादीवर आपटला. शब्द घशात अडकत होते, एकेक ओढून काढत होता. "ठमी... बसलीय. येडी खुली. उठव... तिला."

"बा, मी कोन?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. काही सापडलं नाही. तोंड फिरवलं, आणि पुन्हा हात आपटला. "उठव!"

मी वॉर्डाबाहेर आले. जिन्यात उभी राहून फोन लावला. धाकलीनं उचलला, तिकडे कोंबड्यांचा आवाज, रोशनीचा आवाज. "आयेला दे."

"आला का?"

"आये, बोलला तो आज. मला अजून वलखत न्हाय. हात बी न्हाय हलत. पन तुला वलखतो. म्हनाला, ठमी बसलीय, उठव तिला." आणि मला राहवलं नाही, मी पुढं सांगितलं, "मी फोनवर बोलत असते त्याच्याजवल, ता आयकला असंल कदाचित. मला ठाव न्हाय, आये."

माझ्या शेजारून कुणीतरी जेवणाचे डबे घेऊन वर गेलं.

"रागानं बोलला का?" आयेनं विचारलं.

"रागानंच. खुली म्हनाला तुला. हात आपटत व्हता."

"मंग तोच हाय," ती म्हणाली. फोन तिच्या कानापासून दूर गेला, तरी तिचा आवाज मला ऐकू आला. "धाकले, हात दे गं इकडं. पाय मेलं माझं."